सकाळी हात कधी सुटतात?

सकाळी उठल्यावर मी आईला पहिलं विचारते ते हेच, "हात सुटले का?"

ती ओट्याशी उभी असते. गॅसवर दूध असतं आणि डाव्या हाताने ती उजव्या अंगठ्याचं बूड चोळत असते, मनगटाला लागून असलेला तो उंचवटा. "दूध वर येईस्तोवर सुटतात गं," ती म्हणते. दूध वर यायला दहा मिनिटं लागतात. एवढं ऐकलं की मी निर्धास्त होऊन माझ्या कामाला लागते.

माझी आत्या आमच्याकडेच राहायची. तिला हाच प्रश्न विचारला की ती म्हणायची, "दहाची गाडी गेली की सुटतील." आमचं घर बार्शीच्या एसटी स्टँडपासून जवळ. गाडी बाहेर पडताना वाजवलेला हॉर्न स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आत्या उठायची साडेपाचला. म्हणजे साडेचार तास तिच्या बोटांची मूठ वळायची नाही. पेला दोन्ही तळव्यांत धरून ती चहा प्यायची. तिची वेणी आई घालायची.

एकीचं दूध आणि दुसरीची गाडी. घरात दोघींच्या दुखण्याला नाव मात्र एकच होतं, वात.

मी गेली सत्तावीस वर्षं बार्शीत फिजिओथेरपी करते. आजही माझ्या दवाखान्यात माणूस खुर्चीत बसता बसता सांगतो, "ताई, वात आहे." गुडघा असो, खांदा असो, पंचवीस वर्षांच्या मुलाची कंबर असो, वात. खरं तर जुन्या वैद्यकानेसुद्धा सगळं एका पोत्यात भरलेलं नाही. तिथे संधिगत वात वेगळा, आमवात वेगळा, वातरक्त वेगळं. आपण बोलताना या सगळ्यांचा एक शब्द केला, आणि त्या शब्दाला जोडून एक वाक्यही तयार ठेवलं, "त्याला काही औषध नाही, सहन करायचं." या एका वाक्याने किती हात वाकडे झाले ते मी मोजलेलं नाही. एक जोडी मात्र माझ्या घरात होती.

आत्याचं दुखणं ओळखायला उशीर का झाला, त्याचं मूळ माझ्या जन्माच्या आधीचं आहे. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. गावातल्या तीन माणसांमागे एकाला तरी तिने धरलं, अशी नोंद आहे. आई तेव्हा वीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती सांगते, वाड्यात भाकरी करायला उभी राहील अशी बाई उरली नव्हती. ताप तीन-चार दिवसांत उतरला, पण घोटे, मनगटं, गुडघे असे धरले की माणसं भिंतीला हात लावून, कमरेत वाकून मोरीपर्यंत जायची. चिकुनगुन्या हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. वेदनेनं माणूस वाकतो, आखडून जातो, असा त्याचा साधारण अर्थ. १९५२-५३ च्या सुमारास आजच्या टांझानियात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी तो "सांधे धरणारा ताप" होता. २००६ साली हीच साथ पुन्हा देशभर पसरली, तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. माझ्या दवाखान्याच्या जिन्यावर माणसं बसून बसून वर चढायला लागली. ती रांग बघून आई म्हणाली, "हे तर आमचंच."

तर १९८६ साली आत्याची बोटं सुजायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं, की हा त्या तापाचाच राहिलेला वात. ताप येऊन तेरा वर्षं झाली होती, त्याचा हिशेब कुणी केला नाही. तेल झालं, शेक झाला, निर्गुडीचा पाला बांधून झाला. यातल्या कशाचं मला वाईट वाटत नाही, शेकाने तिला खरंच बरं वाटायचं. वाईट वाटतं ते गेलेल्या नऊ वर्षांचं.

मी पुण्यात शिकत होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, आणि आत्याने फराळाचं ताट पुढे केलं तेव्हा माझी नजर तिच्या हातांवर थांबली. आदल्याच महिन्यात ते चित्र पुस्तकात बघितलं होतं. मुठीचे उंचवटे सुजलेले, चारही बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली, दोन्ही हात सारखेच. बोटांची शेवटची पेरं मात्र ठीक. मी ताटाला हात न लावता विचारलं, "आत्या, सकाळी किती वेळ आखडतात गं?" तेव्हा पहिल्यांदा ती दहाची गाडी मला कळली.

ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस. आमवात म्हणा हवं तर. शंभर माणसांत एकाला किंवा त्याहूनही कमी लोकांना होतो, पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि शेवटी हाड कुरतडतं. सूज रात्रभर साठते म्हणून सकाळ वाईट जाते. हात चालायला लागले की हळूहळू मोकळे होतात, पण त्याला तास, दोन तास, आत्यासारखे चार तासही लागतात. आईच्या अंगठ्याचं दुखणं अगदी निराळं. तिथे कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, झिजली आहे. झिजलेला सांधाही सकाळी आखडतो, पण बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि मग दिवसभर काम केलं की संध्याकाळी ठणकतो. म्हणून मी एक्स-रे बघायच्या आधी सकाळ विचारते. कुणी मिनिटं सांगत नाही. "अंगण झाडून होईपर्यंत," "पोरं शाळेत जाईपर्यंत," "दुसऱ्या चहापर्यंत" अशी उत्तरं येतात, आणि ती घड्याळापेक्षा खरी असतात.

सांधा म्हणजे दोन हाडं भेटतात ती जागा, एवढंच शाळेत पाठ केलं होतं. बिजागिरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा. पुण्याला शरीररचनेच्या तासाला हातात खरी हाडं आली तेव्हा उमगलं, की प्रत्येक सांध्याने एक सौदा केलेला असतो. हालचाल पाहिजे तर मजबुती सोडायची, मजबुती पाहिजे तर हालचाल. कुठला सांधा कशाने बिघडतो हे त्याच्या सौद्यावरून निम्मं कळतं.

कवटीच्या हाडांनी सगळी हालचाल सोडून दिली आहे. करवतीचे दाते एकमेकांत बसवावेत तशी ती गुंतलेली असतात. बाळाची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते तोवर काय ती जागा मऊ. मणक्यांनी मधला मार्ग घेतला. दोन मणक्यांमध्ये कूर्चेची चकती, ती थोडी दबते, थोडी वळू देते, आणि ती सरकून नसेवर आली की माणूस माझ्याकडे एका कुशीवर झुकून येतो. मानेतल्या वरच्या दोन मणक्यांची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या मणक्यातून एक खुंटा वर आलेला असतो, पहिला मणका त्याच्याभोवती फिरतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसा. आपण मान हलवून "नाही" म्हणतो ते या खुंट्यामुळे.

बाकी हातापायांचे बहुतेक सांधे पिशवीचे. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती मजबूत पिशवी, पिशवीला आतून पातळ अस्तर, आणि त्या अस्तरातून पाझरणारा बुळबुळीत द्रव, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. निरोगी गुडघ्यात तो चहाचा एक चमचाही भरत नाही. "गुडघ्यातलं वंगण संपलं" हे वाक्य मी आठवड्यातून दहादा तरी ऐकते. माणसांना वाटतं, वंगण संपलेलं यंत्र जेवढं कमी चालवू तेवढं टिकेल. म्हणून ती बसतात. इथेच मोठी गल्लत होते. सुजलेल्या गुडघ्यात पाणी कमी नसतं, उलट जास्त असतं, फक्त पातळ झालेलं असतं. आणि कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. तिला अन्न मिळतं ते त्या द्रवातून. वजन पडलं की ती दबते आणि आतलं पाणी बाहेर टाकते, वजन उचललं की ताजं शोषून घेते. मी दवाखान्यात भांडी घासायचा एक नवा स्पंज आणि पाण्याची वाटी ठेवली आहे. आजींच्या हातात देते, दाबायला लावते, सोडायला लावते. चालणं म्हणजे गुडघ्याचं जेवण, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. बसून राहिलेला सांधा उपाशी राहतो.

आता आईचा अंगठा. बाकीची बोटं उघडझाप करतात, थोडी पसरतात. अंगठा मात्र करंगळीपर्यंत जाऊन भेटतो, कारण त्याच्या बुडाचा सांधा खोगिरासारखा आहे. एका खोगिरावर दुसरं खोगीर आडवं पालथं घालावं अशी दोन हाडं बसलेली. सुई धरणं, पेन धरणं, गाठ सोडणं, भाकरी थापताना कड गोल फिरवत नेणं हे सगळं त्या दोन खोगिरांच्या जिवावर. पण चिमटीत एक किलोचा जोर लावला तर बुडाशी सुमारे बारा किलोचा भार पडतो. माझ्या आईने पन्नास वर्षं ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. सुगीत वीस-पंचवीस माणसांच्या. त्यात सोलापुरी चादरी हाताने पिळल्या, अडकित्त्याने सुपारी कातरली. पाळी गेल्यावरच्या वयात बायकांचा हा सांधा झिजतो तो अगदी सर्रास, आणि त्या बहुतेकदा मनगटाची तक्रार घेऊन येतात. मनगट ठीक असतं. मी अंगठ्याचं बूड धरून हलकेच दाबत फिरवते, तेव्हा बारीक करकर हाताला लागते.

यावर फार मोठे उपाय लागले नाहीत. चादरी पिळायच्या नाहीत, नळावर टाकून निथळू द्यायच्या. बरणीचं झाकण चिमटीने नाही, ओलं फडकं टाकून पूर्ण तळव्याने उघडायचं. किल्लीला लाकडाचा जाड मुठा लावला. रात्री आणि कामाच्या वेळी अंगठ्याला आधार देणारा पट्टा. भाकरी सोड असं मात्र मी तिला कधीच म्हटलं नाही. ती आता दोनच थापते, तिची आणि माझी.

खांद्याला पुस्तकात उखळीचा सांधा म्हणतात. मला हे नाव पटत नाही. उखळ असतो खुबा. खोल, मजबूत, मांडीच्या हाडाचं डोकं त्यात पार आत बसलेलं. खांद्याची खोबण म्हणजे बशी. शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत असायची, तसं ते आहे. लिंबू मोठं, चमचा उथळ. हात डोक्यावर, पाठीमागे, सगळीकडे जातो तो त्या उथळपणामुळे, आणि मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा निखळतो तोही त्याच्यामुळेच. लिंबाला चमच्यात धरून ठेवतात ते भोवतीचे चार लहान स्नायू.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावच्या जत्रेत कुस्तीत एका एकोणीस वर्षांच्या पोराचा खांदा निखळला. फडावरच कुणी जाणत्या माणसाने बगलेत टाच देऊन हात ओढला. खांदा बसला. पोरगं माझ्याकडे तीन आठवड्यांनी आलं, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर झालेली चामडी घेऊन. खांद्याला वळसा घालून जाणारी नस ताणली गेली होती. ती निखळतानाच दुखावली की ओढताना, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं, कारण ओढायच्या आधी कुणी चाचपून बघितलं नव्हतं, एक्स-रे तर नाहीच. निखळलेला खांदा ओढू नका. हात आहे तसा ठेवा, उपरण्याने झोळी करून गळ्यात बांधा आणि दवाखान्यात न्या. तिथे बसवणारे हात आहेत आणि भूलही आहे. त्या पोराची नस चार महिन्यांत जागी झाली. त्याला मी सांगितलं होतं, विशीच्या आत निखळलेला खांदा पुन्हा निखळायची शक्यता फार. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा निखळला. मग शस्त्रक्रिया झाली. आता तो मॅटवर लहान मुलांना शिकवतो.

लहान मुलांवरून आठवलं. जत्रेत, लग्नात दोघं मोठे दोन बाजूंनी हात धरून पोराला झोके देतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या कोपरात एका हाडाचं डोकं कड्यासारख्या बंधात बसलेलं असतं. एक हिसका बसला की ते कड्यातून थोडं निसटतं. मूल रडतं आणि हात खाली सोडून उभं राहतं, हलवतच नाही. डॉक्टर तो एका क्षणात बसवतात आणि पाच-दहा मिनिटांत मूल त्याच हाताने बिस्कीट मागतं. पण मनगटाला धरून मुलांना उचलू नका. काखेत हात घाला.

खांद्याचा दुसरा आजार जास्त दिसतो आणि जास्त छळतो. हात वर जाईना, पाठीमागे जाईना. बायका सांगतात ब्लाउजचे हूक लागत नाहीत, पुरुष सांगतात मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही. चाळीस ते साठ वयात. अमेरिकेतल्या कॉडमन नावाच्या सर्जनने १९३४ साली याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं. सांध्याची पिशवी आकसते, जाड होते. आधी दुखणं वाढतं, मग दुखणं कमी पण खांदा जाम, मग हळूहळू मोकळा. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. मधुमेह असलेल्यांना हा फार होतो. माझ्याकडे असे किती तरी काका-काकू आले की खांद्यासाठी आले आणि मी साखर तपासायला पाठवल्यावर मधुमेह पहिल्यांदा कळला. इथे जोरजोरात ओढून चोळणाऱ्यांपासून लांब राहा. दुखण्याच्या काळात हळू, मग नेटाने. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, रोज एक रेघ वर.

खुब्याकडे परत येते. तो निखळत नाही सहसा, त्याने सौद्यात मजबुती घेतली आहे. पण त्याच्या डोक्याला रक्त पोचवणाऱ्या वाटा थोड्या आणि बारीक. त्या बंद झाल्या की हाड आतून मरतं आणि गोल डोकं चेपतं. दारूने होतं, जास्त स्टेरॉइडने होतं. कोविडनंतर असे तरुण रुग्ण दिसायला लागले. एकजण माझ्याकडे गुडघा दुखतो म्हणून आला होता, गुडघ्याचा एक्स-रे, गोळ्या सगळं करून. गुडघ्यात काहीच नव्हतं. मी त्याला झोपवून गुडघा दुमडला आणि मांडी आत वळवली, तो कळवळला. खुब्याचं दुखणं जांघेतून उतरून गुडघ्यात बोलतं, हे कायम लक्षात ठेवावं लागतं. जाताना त्याने खिशातून एक पुडी काढून दाखवली. नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या, "वाताच्या". त्या गोळ्यांनी त्याला आधी इतकं बरं वाटलं होतं की त्याने वर्षभर खाल्ल्या. चेहरा गोल सुजला होता. त्या पुडीत काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या गोळीचं नाव वेष्टनावर छापलेलं नाही ती तोंडात घालू नका, मग ती कुणी का दिलेली असेना. हे मी हात जोडून सांगते.

आणि गुडघा. सगळ्यांत मोठा सांधा, आणि माझ्या दवाखान्यातली निम्मी गर्दी त्याची. म्हणायला बिजागिरी, पण दाराच्या बिजागिरीसारखा सरळ नाही. वाकताना थोडा सरकतो, थोडा फिरतो. वरचं हाड गोल, खालचं सपाट, दोन्ही एकमेकांना बसत नाहीत म्हणून मध्ये कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती गाद्या. कबड्डीत पाय जमिनीला रोवलेला आणि अंग वळलं की आतला तिरका बंध तुटतो, पोरं सांगतात "कट् आवाज आला". वय झाल्यावर आतल्या बाजूची कूर्चा आधी झिजते, मग पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. शेजारच्या मावशींना मी विचारलं होतं, "मावशी, किती वर्षांपासून?" त्या म्हणाल्या, "वारीला जायचं बंद झालं तेव्हापासून." मला आधी वाटलं, गुडघे दुखायला लागले म्हणून वारी बंद केली. तसं नव्हतं. सुनेचं बाळंतपण आलं म्हणून दोन वर्षं वारी चुकली, घरात बसणं वाढलं, वजन चौदा किलोंनी वाढलं आणि मग गुडघे दुखायला लागले. एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मावशींना मी खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा अंक मोजायला लावलं. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा खरा सोबती आहे. संडासात कमोडची खुर्ची ठेवली. जमिनीवर मांडी घालून बसणं थोडं कमी केलं. आठ महिन्यांत सहा किलो उतरले. पुढच्या आषाढीला त्या पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत गाडीने गेल्या आणि तिथून चालल्या.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. काही गुडघे बदलावेच लागतात आणि त्याची भीती धरून दहा वर्षं घासत जगू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, नेहमीच्या धातूच्या सांध्याची ५४,७२० रुपये अधिक कर. रुग्णालयाचा खर्च वेगळा असतो, पण त्या निर्णयानंतर माझ्याकडच्या शेतकरी कुटुंबांत या विषयावर पहिल्यांदा मोकळेपणाने बोलणं सुरू झालं.

आणखी तीन सकाळी सांगायच्या राहिल्या. पहिली एका चोवीस वर्षांच्या मुलाची. कंबर पहाटे चारला जागं करते, उठून अंगणात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, झोपून राहिलं की वाढतं. सगळे त्याला आराम करायला सांगत होते. आरामाने वाढणारी आणि हालचालीने उतरणारी तरुण वयातली कंबरदुखी म्हणजे ओझं उचलल्याची नव्हे. मणका आणि खुब्याचं हाड जिथे जोडलं जातं ते सांधे सुजलेले असतात, आणि उपचार न झाल्यास मणके एकमेकांना चिकटत जातात. दुसरी, पायाच्या अंगठ्याचं बूड रात्रीत लाल, टरटरून सुजलेलं, पांघरुणाचा स्पर्शही नको. युरिक आम्लाचे सुईसारखे खडे सांध्यात साठल्याचं ते लक्षण. तिसरी सगळ्यांत घाईची. एकच सांधा, गरम, सुजलेला, हलवता न येणारा आणि अंगात ताप. तिथे सकाळ-संध्याकाळ बघायची नसते, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. सांध्यात पू झाला असेल तर कूर्चा काही दिवसांत संपते.

आत्याला मी त्या दिवाळीनंतर पुण्याला घेऊन गेले. मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल करून ठेवला होता. तीन महिन्यांत सूज उतरली. दहाची गाडी आठवर आली, मग सातवर. पेला एका हातात आला. पण जी बोटं झुकली होती ती झुकलेलीच राहिली. कुरतडलेलं हाड औषधाने भरून येत नाही. नऊ वर्षांच्या जागी नऊ महिने असते तर ती बोटं सरळ राहिली असती असं मला वाटतं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

बोटं मोडल्याने वात होतो का, हे मला मुलं नेहमी विचारतात. नाही होत. सांधा ताणला की आतल्या द्रवात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. म्हणूनच तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही. आत्या मला लहानपणी परीक्षेला जाताना अलाबला घ्यायची. दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायची. तिच्या बोटांचा कडाकडा आवाज ओसरीपर्यंत यायचा.

१९९८ साली मी दवाखाना उघडला तेव्हा आत्या दारात आली. तिने तळवे माझ्या चेहऱ्यावरून फिरवले, वाकडी बोटं कानशिलांवर टेकवली आणि दाबली. आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबली. मागून आई पुढे झाली, तिने स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, दहाच्या दहा.

"निघाली सगळी," आत्या म्हणाली. "उघड आता दार."